पेढीवरचा अरोवाना

पेढीच्या दर्शनी भागी अरोवाना ठेवला की लक्ष्मी स्थिरावते, अशी समजूत व्यापारी घरांत अलीकडे रुजली आहे. विकत घेताना हा मासा वीतभर असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील हा चंदेरी जीव तीन फुटांपर्यंत वाढू शकतो. दीड फूट रुंदीच्या टाकीत त्याला वळणेही दुष्कर होते. निसर्गात तो पाण्याबाहेर झेपावून फांदीवरचे कीटक टिपतो. येथे ती झेप झाकणावर आदळते.

त्याला जिवंत मासोळ्या चारल्या जातात, हे घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसते. कोरड्या दाण्यांतही बहुधा माशांचीच भुकटी असते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच ‘बंध’.

टाकी अपुरी पडू लागली की काहीजण जीवदया समजून मासा तलावात सोडतात. ही दया तेथील देशी माशांच्या जिवावर उठते. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतील ॲलिगेटर गार सापडला, तेव्हा तेथील मच्छीमारांना हीच चिंता पडली. घरी असा मासा असल्यास प्रशस्त हौद असलेल्या जाणत्या पालकाकडे तो सोपवावा, आणि रिकाम्या टाकीत दुसरा आणू नये.