एक पलंग, दोन पात्या

लग्नात आईने धारहून दिलेली कापसाची गादी आम्ही नऊ वर्षं वापरली. कापूस निमाडचा, कुक्षीकडचा. गादी भरून घेताना आई स्वतः समोर बसली होती. त्यामुळे नवऱ्याची कंबर दुखायला लागली तेव्हा दोष गादीचा असेल, असं म्हणायची माझी हिंमतच झाली नाही.

"जमिनीवर झोप," हा सल्ला देवासला सगळ्यांनी दिला. सासूबाईंनी, शेजारच्या काकांनी, अगदी दूधवाल्यानेसुद्धा. बिचारा दोन महिने सतरंजी टाकून खाली झोपला. कंबर तशीच, वर सकाळी पलंगाचा आधार घेऊन उठायची पाळी. आणि पलंगावर मी एकटी. दिवसभर दोघंही नोकरीत, मुलगी झोपल्यावर अंधारात जे चार शब्द व्हायचे तेही बंद झाले. मला ते जास्त खटकत होतं.

डॉक्टरांनी आधी वेगळेच प्रश्न विचारले. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन घटणं, असं काही आहे का? (असेल तर मंडळी, गादीच्या दुकानात नव्हे, लगेच दवाखान्यात जा.) यातलं काही नव्हतं. मग म्हणाले, चालतं-फिरतं राहा, पडून राहू नका.

तरी आम्ही चूक केलीच. 'ऑर्थोपेडिक' लिहिलेली काथ्याची कडक गादी आणली. हा शब्द विक्रेत्याचा आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीतला नाही, हे तेव्हा कळलं नाही. त्याची कंबर सुधारली नाहीच, वर कुशीवर झोपणाऱ्या माझा खांदा दुखायला लागला. एका दुखण्याची दोन झाली.

मग जरा वाचलं. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर ९० दिवसांचा प्रयोग झाला होता; तो २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. झोपताना आणि उठताना होणारं दुखणं मध्यम गादीवाल्यांचं जास्त कमी झालं. म्हणजे दूधवाल्यासकट सगळे चुकले होते!

कारण तसं साधं आहे. फार मऊ गादीत कंबरेखालचा भाग झोळीत बसल्यासारखा खाली जातो. फार कडक गादीवर खांदा आणि कुल्ला टेकतात, पण मधली कंबर अधांतरी राहते. उताणं झोपून कंबरेखाली हात घालून बघा. हात आरपार सहज गेला तर गादी तुम्हाला कडक. घालायला जागाच नसेल तर मऊ. आमची जुनी कापसाची गादी मधे दबून खड्डा झाली होती. कापूस दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायचा असतो, ते आम्ही नऊ वर्षांत एकदाही केलं नव्हतं. आईच्या गादीचा काही दोष नव्हता.

खरी अडचण पुढेच होती. नवरा ८४ किलो, मी ५३. त्याला जी गादी मध्यम, ती मला कडक. दुकानदार घनतेचे आकडे सांगत होता, ३२ की ४०. पण घनतेवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा वेगळाच. मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि ऊब धरून ठेवतो. आमच्या मे महिन्यात नको वाटला. साखळीने जोडलेल्या स्प्रिंगच्या गादीवर एकाने कूस बदलली की दुसरा जागा होतो. सुट्ट्या कप्प्यातल्या स्प्रिंगमध्ये ते कमी. इंदूरच्या एका दुकानात आम्ही चपला काढून, आपापल्या नेहमीच्या कुशीवर पंधरा मिनिटं झोपलो. लोक बघत होते. बघू देत.

तोडगा शेवटी देवासनेच सुचवला. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांनी या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं चालवली, दोन राजवाड्यांसकट. मग एका पलंगावर दोन गाद्या का नकोत? ७२ इंची पलंगावर ३६-३६ इंचांच्या दोन गाद्या आल्या. जाडी सारखी, त्याची जरा घट्ट, माझी जरा मऊ. वरून एकच मोठी चादर. मधल्या फटीवर पातळ गोधडीची घडी टाकली.

तीन महिने झाले. कंबर पूर्ण गेलेली नाही. थंडीत आणि लांबच्या गाडीप्रवासानंतर अजून धरते. पण सकाळी तो पलंगाचा आधार न घेता उठतो.

आईची गादी पिंजून, नवं कापड घालून पाहुण्यांच्या खोलीत टाकली आहे. मागच्या महिन्यात आई धारहून आली तेव्हा त्याच गादीवर झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "झोप छान लागली गं. पण तुमच्या पलंगाच्या मधे ते काय खुपतं? मी जरा पडून बघितलं दुपारी."

"हद्द आहे," नवरा म्हणाला.