नमुन्याच्या तुकड्यांचा चंदोवा

कापडाच्या दुकानात नवा हंगाम आला की नमुन्यांची जुनी पुस्तके माळ्यावर जातात. पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेले तळहाताएवढे तुकडे, कडा दातेरी कातरीने कापलेल्या, फिक्या बदामीपासून गडद तपकिरीपर्यंत एकाच रंगाच्या बारा-बारा छटा. ज्या मालासाठी हे पुस्तक आले तो माल संपला की त्याला रद्दीचाही भाव येत नाही. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात ठाणाच्या टोकाचे फेंट पडलेले असतात आणि शेजारच्या शिंप्याकडचे कातरण पोत्यात भरून किलोच्या भावाने चिंधीवाल्याकडे जात असते.

आणि त्याच दुकानाच्या मालकाच्या घरी खोली सजवायची ठरली, म्हणजे सर्व मंडळी गाडी काढून मोठ्या दालनात जातात व भिंतीवर लावण्याची छापील चित्रे, प्लॅस्टिकच्या वेली आणि तयार तोरणे घेऊन येतात. दोन-चार हजार रुपये सहज खर्च होतात. पैशाचा प्रश्न त्यातला लहान आहे. दोन वर्षांनी त्या वेलींवर जी धूळ बसते ती निघत नाही आणि शेजारच्या घरातही नेमकी तीच वेल लोंबत असते, हे अधिक खटकते.

हा विषय विशेषकरून एका खोलीसंबंधी निघतो. जुना वाडा सोडून कुटुंब नव्या इमारतीत राहावयास येते, तेव्हा दिवाणखाना मुलाच्या आवडीने सजतो, शयनगृह सुनेच्या आवडीने, मुलांची खोली मुलांच्या हट्टाने. उरलेली एक लहान खोली आजींना मिळते. तिला पांढरा रंग, एक पलंग, एक कपाट आणि औषधांचा डबा. वाड्यातील ओळखीची एकही वस्तू तेथे नसते. घरातील कोणाच्या मनात त्यांच्याविषयी अनादर असतो असे नाही. आजींना काय लागते, हे विचारावयाचेच राहून गेलेले असते. पुष्कळदा या आजींच्या बोटांत भरतकामाची, मणिकामाची, गोधडीच्या टाक्यांची विद्या असते आणि वीस-वीस वर्षांत तिचे काम कोणी सांगितलेले नसते. म्हणून ही खोली सजवताना विकत आणलेल्या वस्तू बाजूला ठेवाव्यात आणि कामाचा आराखडा आजींनाच विचारावा. डोळे साथ देत नसतील तर सुईत दोरा ओवून देण्याचे काम नातवंडांचे.

आरंभ चंदोव्यापासून करणे योग्य. चंदोवा किंवा चंदरवा हे नाव नव्या पिढीला लग्नमंडपामुळे किंवा मंदिरामुळे माहीत असते. तो घरातील रोजच्या वापराची वस्तू होती हे विसरले गेले आहे. परंपरेने श्रावकाच्या घरी चंदोवा बांधण्याची दहा स्थाने सांगितली जातात. चूल, पाणी ठेवण्याची जागा, जाते, उखळ, जेवण्याची जागा, झोपण्याची जागा, सामायिकाची जागा ही त्यांतली काही. कौलारू घरात आढ्यावरून किडा-मुंगी, कोळी, कचरा खाली पडे. उकळत्या भांड्यात पडून जीव मरू नये आणि अन्नही बिघडू नये, यासाठी वर कापड ताणून बांधण्याची ही रीत. चुलीवर चंदोवा बांधणाऱ्या मृगसुंदरीची कथा अनेक घरांत आजही मुलांना सांगितली जाते. स्त्रिया तो निगुतीने शिवत. ठिगळांची नक्षी करीत, कडेला झालर लावीत. उपयोगाच्या वस्तूला असे रूप आले आणि पुढे उपयोग मागे पडून केवळ रूप उरले.

सिमेंटच्या छताखाली आणि पंख्याच्या पात्याखाली तो जसाच्या तसा बांधता येणार नाही, हे उघड आहे. गॅसच्या शेगडीवर तर कापड कदापि टांगू नये. चुलीच्या काळची उंची आणि आजच्या ओट्याची उंची यांत फार अंतर आहे. परंतु आजींच्या खोलीत सामायिकासाठी, जपासाठी जो कोपरा असतो, तेथे पंख्यापासून दूर असा सव्वा-साडेतीन फुटांचा चंदोवा सुखाने मावतो. भाड्याच्या घरात छताला भोके पाडण्याची परवानगी नसेल तर तोच चंदोवा पडद्याच्या दांडीला अडकवून आसनामागच्या भिंतीवर सोडावा.

नमुना-पुस्तकातील तुकडे पुठ्ठ्यापासून सोडवताना ओढू नयेत. मागील बाजूने गरम इस्त्री फिरवली की बहुतेक गोंद सैल होतो. नंतर निवड करावी, आणि खरे काम हेच आहे. टेरीवूलचे तुकडे वेगळे काढावेत, कारण लोकरीला कसर लागते. सुती तुकडे एकदा पाण्यातून काढून वाळवावेत. सुती कापड आटते, टेरीकॉट आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवून पहिल्याच धुण्यात चंदोव्याला सुरकुत्या पडल्या की आठवड्याची मेहनत वाया जाते. जाड सुटिंग आणि पातळ शर्टिंग शेजारी ठेवू नयेत. पडद्यांच्या कापडाचे तुकडे जाड असतात, ते तोरणासाठी बाजूला काढावेत.

हिशोब सोपा आहे. साडेचार इंचांचे चौरस कापावेत. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाऊन चार इंच उरतात. आडवे नऊ आणि उभे नऊ, असे एक्याऐंशी चौरस लागतात व छत्तीस इंचांचा चौकोन तयार होतो. सभोवती एकाच रंगाची तीन इंचांची पट्टी लावली की तो बेचाळीस इंचांचा होतो. या पट्टीसाठी जुन्या वहीच्या बांधणीसारखा लाल रंग फार शोभतो. ज्या घराण्यांत रोजमेळ आणि खतावण्या लाल कापडाच्या वह्यांत लिहिल्या गेल्या, तेथे तो रंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शिवण्याआधी सर्व तुकडे जमिनीवर, स्वच्छ चादरीवर, मांडून पाहावेत आणि एक रात्र तसेच राहू द्यावेत. सकाळच्या उजेडात डोळ्यांना खुपणारा तुकडा आपोआप दिसतो. मध्यभागी फिका रंग आणि कडेकडे गडद होत जाणाऱ्या छटा, ही मांडणी लहान खोलीत उत्तम दिसते; सगळे रंग सरमिसळ टाकले की कापड गोंगाट करते. मांडणी मनास आली की आधी नऊ आडव्या पट्ट्या शिवाव्यात, मग त्या एकमेकींना जोडाव्यात. एका पट्टीतील शिवण उजवीकडे आणि खालच्या पट्टीतील डावीकडे इस्त्रीने दाबली तर चौरसांचे कोपरे नेमके जुळतात. मागे अस्तर म्हणून जुने मऊ धोतर किंवा सुती लुगडे लावावे आणि गोधडीला घालतात तसा धावदोरा घालावा. येथे यंत्र बाजूला ठेवून आजींच्या हातात सुई द्यावी. त्यांचा टाका आता थोडा वाकडा पडेल. तो उसवून पुन्हा घालण्याची घाई सुनेने करू नये.

चार कोपऱ्यांना आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर कापडी बंद शिवावेत, म्हणजे चंदोवा केव्हाही सोडून घेता येतो. यामागे कारण आहे. जी सजावट भिंतीला कायमची चिकटलेली असते तिच्यामागे कोळी जाळे विणतो, पाल अंडी घालते, आणि मग दिवाळीच्या साफसफाईत झाडूखाली नको ते घडते. पंधरा दिवसांनी हलक्या हाताने सोडून गच्चीवर झटकता येईल अशी वस्तू घरात जीवांना वस्तीच करू देत नाही.

हाच विचार गोंदाबाबतही करावा. मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ स्वस्त असते, घरी होते, पण तिच्या वासावर झुरळे आणि कसर येतात. म्हणूनच बाइंडर मंडळी पूर्वीपासून खळीत मोरचूद मिसळत आली आहेत. आधी किड्यांना जेवण वाढावयाचे आणि त्यातच विष कालवावयाचे, हे श्रावकाच्या घरास शोभणारे नव्हे. सरस तर जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होतो. कापडाचे काम टाक्याने करावे. कागदाचे असेल तेथे पांढरा सिंथेटिक गोंद बोटभर लावला की पुरतो.

तोरणाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात आंब्याची पाने, गुजरातेत आसोपालवाची. दोन्हीकडे दारावर हिरवे पान लागते. सणाच्या दिवशी, त्यातही अष्टमी-चतुर्दशीला, हिरवी पाने तोडणे अनेक घरांत टाळले जाते आणि दार मात्र मोकळे राहते. सौराष्ट्र-कच्छच्या स्त्रियांनी यावर फार पूर्वीच सुंदर उपाय केला होता. त्यांच्या भरतकामाच्या तोरणांना खाली पानांच्या आकाराच्या कापडी झालरी असतात. शिवाय चौकोनी चाकळे, भिंतीच्या वरच्या कडेला लावावयाची लांब पछीतपाटी, आभल्यांचे काम, हा सारा सरंजाम मुली विवाहापूर्वी स्वतः तयार करीत. आभल्यांची काच कपडवंजहून येई. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या गलबतांतून युरोपातील काचमणी गुजरातेत पोहोचले आणि मोत्याचे भरत तेथील घरांच्या भिंतींवर आले. कोणत्या ना कोणत्या दुकानाच्या मालातूनच ही कला फुलली, असे म्हणावयास हरकत नाही.

छत्तीस इंचांच्या दारासाठी तीन इंच रुंदीची अकरा पाने पुरेशी होतात. दोन्ही टोकांना दीड-दीड इंच उरतो. पाच इंच लांबीच्या पानाचा साचा जाड कागदावर कापावा, पडद्याच्या कापडाचे दोन तुकडे सुलटी बाजू आत ठेवून शिवावेत आणि वरच्या उघड्या बाजूने उलटवून घ्यावेत. टोक सुईने हळूच बाहेर काढले तरच पान पानासारखे दिसते. सगळी पाने एकाच हिरव्या रंगाची करण्याचे कारण नाही; नमुना-पुस्तकातील हिरव्याच्या आठ-दहा छटा एकापुढे एक ठेवल्या तर कोवळ्या पानापासून जून पानापर्यंतचा क्रम आपोआप लागतो. जुन्या तोरणांत कवड्या लावलेल्या आढळतात. कवडी हे जिवाचे कवच आहे, मोरपीस आणि शिंपल्याची बटणे यांचाही उगम पाहावा लागतो. त्यांऐवजी जुन्या सदऱ्यांची प्लॅस्टिकची बटणे किंवा चिंध्या भरून केलेले लहान गोळे लावावेत.

रेशमाबाबत घरोघरी मतभेद होतात. रेशीम विकत घेऊ नये याविषयी दुमत नसले, तरी पन्नास वर्षांपूर्वीचा विवाहाचा शालू कपाटात आहे, त्याचे काय करावे? काही ज्येष्ठ म्हणतात, जे झाले त्याचा उपयोग व्हावा. काही म्हणतात, सामायिकाच्या कोपऱ्यात ते नकोच. हा निर्णय ज्यांचा शालू त्यांचा. मात्र कातर लावण्याआधी त्याचे काठ जरीच्या जाणकाराला अवश्य दाखवावेत. जुन्या जरीत पुष्कळदा खरी चांदी असते आणि तिला वजनावर दाम मिळतो. व्यापाऱ्याच्या घरी अजाणतेपणी चांदीची झालर कापली जावी, हे बरे नव्हे.

कागदाची सजावट मुलांना अधिक आवडते आणि त्यासाठी लग्नपत्रिकांचा साठा प्रत्येक घरात असतो. जाड, रंगीत, सोनेरी वर्खाचा कागद. आकाशकंदील, पट्ट्यांच्या माळा, चौकटी, सारे त्यातून होते. अडचण एवढीच की पत्रिकेवर मंगल वचने आणि पूज्य प्रतिमा छापलेल्या असतात. ज्या घरी कार्तिक शुद्ध पंचमीला पोथ्या-पुस्तकांची पूजा होते, तेथे त्याच अक्षरांवरून कातर चालवून ज्ञानाची आशातना कशी करावी? यावर मार्ग आहे. पाकिटे, कोऱ्या पाठी आणि नुसत्या वेलबुट्टीचे कागद तेवढे घ्यावेत. अक्षरे आणि प्रतिमा असलेला भाग वेगळा काढून आदराने ठेवावा. लहान मुलांना ही निवड करावयास बसवले तर ती फारच काटेकोरपणे करतात. मोठ्यांच्या चुकाही दाखवून देतात.

आषाढ लागताच कागदाच्या माळा उतरवून कोरड्या डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्याच्या दमट हवेत कागदावर बुरशी धरते आणि मग ती पुसणेही नको वाटते. कापडाचा चंदोवा मात्र चातुर्मासात जागेवरच हवा, कारण कोपऱ्याचा खरा उपयोग तेव्हाच होतो. अधूनमधून ऊन पडेल त्या दिवशी तो वाळवून घ्यावा.

खर्च पाहावयाचा तर दोऱ्याची रिळे, सुयांचे पाकीट, थोडी फीत आणि गोंदाची बाटली, एवढेच बाहेरून आणावे लागते. वर्ष-दोन वर्षांत खिडकीजवळच्या बाजूचे चार-सहा चौरस उन्हाने फिके पडतील. ते उसवून ठेवावेत, तोवर दुकानातून पुढच्या हंगामाचे पुस्तक उतरलेले असते. त्यातला कोणता तुकडा लावावयाचा, हे आजींनी सांगावे.