एक टाकी, दोन कामे : चालत्या घरातले लाघव

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या लाघव आणि गौरव या संज्ञा पाहिल्या. दोन कल्पनांनी उलगडा सारखाच होत असेल, तर कमी गृहीतके लागणारी कल्पना पत्करायची, हे लाघव. विनाकारण जास्त काही मानायचे, हे गौरव. तेव्हा एका श्रोत्याने विचारले, "सर, याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय?" उत्तरादाखल आज आम्ही चक्क एका गाडीचे उदाहरण घेणार आहोत.

जर्मनीत मुलीकडे असताना आम्ही सगळे मोटरहोमने हिंडलो. मोटरहोम म्हणजे बिछाना, ओटा, फ्रिज असे सगळे पोटात घेऊन फिरणारी गाडी. फेब्रुवारीतली पहाट, बाहेर उणे ५ अंश. चहा ठेवायला गेलो, तर शेगडी पेटेना. सिलिंडर हलवून पाहिला. चांगला अर्धा भरलेला. मग गॅस गेला कुठे? कुठेच नाही. आत ब्युटेन होता. तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. त्याहून जास्त थंडीत तो द्रवरूपच बसून राहतो, शेगडीकडे येत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२, म्हणून हिवाळ्यात प्रोपेन घ्यावा लागतो. शिवाय युरोपात देश बदलला की सिलिंडरचा जोडही बदलू शकतो. मुलगी म्हणाली, "बाबा, खाली टाकीभर डिझेल आहे आणि आपण चहावाचून बसलोय!"

प्रश्न रास्त होता. डिझेलवर चालणाऱ्या शेगड्या मिळतात; फिनलंडची वालास ही कंपनी बोटींसाठी त्या बनवते. ज्योत काचेच्या पृष्ठाखाली बंद कप्प्यात जळते, धूर नळीने बाहेर जातो. तापायला वेळ लागतो, पण सिलिंडरची कटकट संपते. वीजही त्याच डिझेलची : गाडी चालताना अल्टरनेटर बॅटरी भरतो, उभी असताना डिझेल जनरेटर.

आता बघा, कुणी म्हणेल, मग शेगडी तरी कशाला? जनरेटरच्या विजेवर इंडक्शन चालवू. इथे लाघव फसवे ठरते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. छोट्या जनरेटरमधून त्यातली साधारण चौथाई वीज होऊन बाहेर पडते, बाकीची धुरातून आणि इंजिनाच्या उष्णतेतून वाया जाते. म्हणजे हवी होती उष्णता. तिची केली वीज, आणि विजेची पुन्हा उष्णता! वस्तूंची संख्या घटली, पण रूपांतरे वाढली. लाघव मोजताना नेमके काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट. आमच्या लहानपणी घरात रॉकेलचा एकच डबा असे. स्टोव्ह त्यावर, कंदील त्यावर. सोय मोठी, पण रेशनवर रॉकेल आले नाही की स्टोव्हही थंड आणि कंदीलही. डिझेलचेही तसेच आहे. कडक थंडीत त्यातले मेण गोठते, म्हणून थंड देशांत हिवाळी डिझेल वेगळे विकतात. चुकून उन्हाळी डिझेल टाकीत राहिले, तर इंजिन, शेगडी आणि ऊब देणारा हीटर, तिन्ही एकदम बंद पडू शकतात. उंच घाटात हवा विरळ होते, ज्वलन अपुरे राहते, काजळी धरते. काही गाड्यांत शेगडी-हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत, ती याच शहाणपणाने. स्वयंपाकात डिझेल संपले, तरी गाडी पेट्रोलपंपापर्यंत पोचली पाहिजे.

नैयायिक फलमुख गौरव असा शब्द वापरतात. ज्या गौरवाचे फळ पदरात पडते, तो दोष नव्हे. गाडीत एक छोटी स्पिरिटची शेगडी जास्तीची ठेवणे, हे असे गौरव. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. इंधन कोणतेही असो, ज्वलन अपुरे झाले किंवा धुराची नळी गळली, तर हा वायू आत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. तिथे काटकसर करणे म्हणजे लाघव नव्हे, ती बेपर्वाई.

तेव्हा एक इंधन जरूर वापरावे. फक्त ते एक अडले, तर आपले काय काय अडेल, याची यादी निघण्यापूर्वी करावी. विचारांच्या बाबतीतही आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो. आता तुमचे प्रश्न घेऊ.