प्रतिकृतीची मोटार : शोभेची कीं वापराची?

प्रत्येक सुखवस्तु घरांत दोन प्रकारच्या वस्तु असतात. कांहीं रोजच्या हाताखालच्या, तर कांहीं सणावारीं बाहेर काढावयाच्या. पितळेचा तांब्या रोज घासला जातो आणि रोज पाण्यानें भरला जातो. चांदीचें ताट मात्र कपाटांत मऊ फडक्यांत गुंडाळलेलें असतें. पैठणी वर्षांतून एकदोनदां पेटीबाहेर येते व हळद-कुंकू आटोपतांच पुन्हां पेटींत जाते. वस्तु जों जों मोलाची, तों तों तिचा वापर कमी, हा संसाराचा सर्वसाधारण नियम होय. मोटारींच्या जगांतहि हा नियम लागू पडतो. आणि त्यांतूनच एक चमत्कारिक प्रश्न उत्पन्न झाला आहे. जी सुंदर गाडी मोलामुळें रस्त्यावर काढवत नाहीं, तिची हुबेहूब प्रतिकृति करून ती रोज चालविली तर काय हरकत आहे? हरकत आहे कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं ती प्रतिकृति म्हणजे काय व रोजचा वापर म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनींतील पोर्श कंपनीची ‘३५६ स्पीडस्टर’ ही गाडी. फर्डिनांड पोर्श यांनीं १९३० नंतरच्या दशकांत सामान्य कुटुंबास परवडेल अशी फोक्सवॅगन मोटार आंखली. तीच पुढें आपल्या गोलाकार पाठीमुळें ‘बीटल’ या कीटकाच्या नांवानें जगप्रसिद्ध झाली. त्यांचे चिरंजीव फेरी पोर्श यांनीं १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं फोक्सवॅगनचेच पुष्कळसे सुटे भाग घेऊन ३५६ ही चपळ गाडी सिद्ध केली. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनीं असा आग्रह धरला कीं, अमेरिकेंतील तरुणांस झेपावी म्हणून या गाडीची एक साधी, स्वस्त व उघडी आवृत्ति काढावी. १९५४ सालीं ती निघाली. किंमत तीन हजार डॉलरांहून किंचित कमी. समोरची कांच बुटकी व काढून ठेवतां येण्याजोगी. टप पातळ कापडाचा. आणि दारांना वरखालीं सरकणाऱ्या कांचा मुळींच नाहींत. १९५८ पर्यंत अशा सुमारें चार हजार गाड्या तयार झाल्या.

गंमत अशी कीं, जी गाडी स्वस्त म्हणून जन्माला आली, तिच्याच चांगल्या राखलेल्या नमुन्यांना आज लिलावांत कित्येक लाख डॉलर मोजावे लागतात. ज्याच्या घरीं मूळ स्पीडस्टर आहे तो ती बाजारहाटास नेत नाहीं. पावसाचा एक थेंब पडला तरी त्याचें मन धास्तावतें. म्हणजे तांब्याचें ताट झालें. ही पोकळी प्रतिकृतीनें भरून काढली.

प्रतिकृति घडते ती अशी. मूळ गाडीच्या अंगावरून साचा घेतात. त्या साच्यांत कांचेच्या तंतूंची चटई व राळ यांचे थर एकावर एक देऊन फायबरग्लासचें कवच तयार करतात, आणि तें जुन्या बीटलच्या तळावर बसवितात. बीटलच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २४०० मिलिमीटर, तर ३५६ चें २१०० मिलिमीटर. म्हणून बीटलचा तळ मध्येंच कापून सुमारें फूटभर आंखूड करावा लागतो व पुन्हां जोडावा लागतो. कॅलिफोर्नियांत ब्रूस मायर्स यांनीं १९६० नंतरच्या दशकांत बीटलचा तळ कापून त्यावर वाळूंत धांवणारी ‘मँक्स’ ही फायबरग्लासची गाडी केली, तेव्हांपासून ही युक्ति हौशी कारागिरांच्या अंगवळणी पडली. कांहीं कारखान्यांनीं याहून वरची पायरी गांठली. कॅनडांतील व्हँकुव्हर येथील इंटरमेकॅनिकानें बीटलचा तळ सोडून स्वतःचा पोलादी नळ्यांचा सांगाडा योजिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. इतर पुष्कळ नकलांचें अंग एका कुळांतलें व इंजिन भलत्याच कुळांतलें असतें. स्पीडस्टरच्या प्रतिकृतीचें तसें नाहीं. मूळ गाडी बीटलच्या घराण्यांतच जन्मली. तिचीहि चार सिलिंडरें आडवीं, समोरासमोर, गाडीच्या मागच्या बाजूस, व वाऱ्यानें थंड होणारीं. म्हणून बीटलवर बसविलेली प्रतिकृति ही अगदींच परकी नव्हे. ती चुलत घराण्यांतील, थोडी गरीब पण चेहरामोहरा जुळणारी नातलग आहे. शिवाय बीटल २००३ च्या जुलैंत मेक्सिकोंत बंद होईपर्यंत तिच्या दोन कोटी पंधरा लाखांच्या वर गाड्या निघाल्या. त्यामुळें तिचे सुटे भाग अद्यापि सहज व माफक किमतींत मिळतात. रोजच्या वापराच्या दृष्टीनें ही प्रतिकृतीची पहिली मोठी अनुकूलता होय.

दुसरी अनुकूलता अंगाची. फायबरग्लास गंजत नाहीं. गोव्यांत वेर्णा येथें तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दुआसनी मोटारीचें अंगहि याच पदार्थाचें होतें. परंतु अंग गंजत नाहीं म्हणजे गाडी गंजत नाहीं असें नव्हे. खालचा तळ पोलादाचाच असतो, आणि तो बहुधा प्रतिकृतीपेक्षां कितीतरी अधिक वयाचा असतो. वरचा रंग आरशासारखा लखलखत असतां खालीं पत्र्याची चाळण झालेली असावी, असा प्रकार विरळा नाहीं. विकत घेणारानें म्हणून गाडीच्या रूपाकडे पाहण्यापूर्वीं ती वर उचलवून तिच्या पोटाकडे पाहावें. विशेषतः आंखूड केलेल्या तळाचा जोड सलग आहे कीं ठिगळाठिगळांचा, हें जाणत्या मिस्त्र्याकडून तपासून घ्यावें.

आतां रोजचा प्रवास. उन्हाळ्यांतील सकाळीं टप मागें टाकून ऑफिसास निघणें, यासारखें सुख नाहीं. पण वर्षाला बारा महिने आहेत. मूळ गाडींत दाराच्या कांचा नव्हत्या, म्हणून इमानी प्रतिकृतींतहि त्या नसतात. त्यांच्या जागीं अर्धपारदर्शक पडदे खोंचून बसवावे लागतात. पावसाची सर आली कीं गाडी थांबवून टप ओढा, खुंट्या लावा, पडदे खोंचा. इतकें होईतों सर निघून गेलेली असते आणि बसणारा भिजलेला असतो. टपाखालीं बसल्यावर बाजूचें व मागचें थोडेंच दिसतें. कुलूप लावलें तरी कापडाला चाकू पुरतो. म्हणून गाडींत मोलाची चीज ठेवून जातां येत नाहीं. हिंवाळ्यांत ऊब हवी तर ती इंजिनाच्या धुराड्याभोंवतालच्या तापलेल्या हवेवर अवलंबून असते, आणि पुष्कळ प्रतिकृतींत तिचे नळ बसविण्याचे श्रमच घेतलेले नसतात. पुढच्या बॉनेटखालीं पेट्रोलची टाकी व जास्तीचें चाक. भाजीची पिशवी ठेवावयास जागा उरते ती आसनामागें. दोघांचा संसार त्यांत मावतो, चौघांचा मावत नाहीं.

इंजिनाच्या बाबतींत गाडी साधी आहे, पण विसरभोळ्या माणसाची नाहीं. त्यांत पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं; त्यामुळें उकळण्याची भीति नाहीं. परंतु थंड हवा फुंकणारा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसविलेला असतो व दोहोंना मिळून एकच पट्टा फिरवितो. पट्टा तुटला तर वीज बंद होते आणि वाराहि बंद होतो. चालकासमोर लाल दिवा लागतो. आधुनिक गाडी चालविणारा मनुष्य ‘बॅटरीचें कांहीं तरी बिनसलें, घरीं जाऊन पाहूं’ असें म्हणून पुढें जातो, आणि घरीं पोंचण्याआधीं इंजिन भाजून निघतें. या गाडींत लाल दिवा म्हणजे तात्काळ थांबण्याची आज्ञा. गाडींत एक जास्तीचा पट्टा व तो बसविण्याचा पाना असलाच पाहिजे.

तसेंच ऑइलचें. इंजिनांत अवघें अडीच लिटर ऑइल असतें, आणि मूळ रचनेंत तें गाळावयास बारीक तारेची जाळी एवढेंच साधन. म्हणून सुमारें पांच हजार किलोमीटरांनीं ऑइल बदलणें व त्याच वेळीं, इंजिन पुरतें थंड असतां, व्हॉल्व्हांची फट मोजून ती ०.१५ मिलिमीटर राखणें, हा नेम चुकतां कामा नये. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. पेट्रोलचे रबरी नळ इंजिनाच्या डोक्यावरून जातात. जुनें रबर तापानें आणि हल्लींच्या पेट्रोलांत मिसळलेल्या इथेनॉलनें लौकर तडकतें. एक थेंब तापल्या धातूवर पडला कीं आग लागते. इंजिनाचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें असल्यामुळें तें पेटलें तर विझविणें महाकठीण, आणि वरचें अंगहि जळणारेंच. नवे नळ, घट्ट पकडी व हाताशीं अग्निशामक नळकांडें, या तिहींचा खर्च फार नाहीं. तो वांचविणें म्हणजे मात्र दैवाशीं जुगार खेळणें आहे.

परंतु रोजच्या वापराचा खरा निकाल सुखसोयींवर लागत नाहीं, तो सुरक्षिततेवर लागतो. गाडी हलकी असल्यामुळें पन्नासएक अश्वशक्तीचें साधें इंजिनहि तिला शहरांत पुरतें. मात्र कांहीं हौशी तेथें दुप्पट शक्तीचें इंजिन बसवितात, आणि ब्रेक जुने ढोलाचेच ठेवतात. धांवण्याची शक्ति वाढवावयाची असेल तर थांबण्याची शक्ति आधीं वाढवावी. पुढच्या चाकांना निदान डिस्क ब्रेक असावे. जुन्या तळावरील मागचीं चाकें आंसासकट झोके घेतात. वळणावर भरधांव असतां एकाएकी पाय उचलला तर तीं आंत वांकून गाडीची पाठ रस्ता सोडूं पाहते. सवयीच्या चालकास हें ठाऊक असतें. त्याच्या घरांतील दुसऱ्या कोणी एखादे दिवशीं किल्ली उचलली, तर त्याला तें ठाऊक नसतें.

आणि टक्कर झालीच तर? आजच्या मोटारींत धक्का गिळून चेपणारा पुढचा भाग असतो, फुगणाऱ्या संरक्षक पिशव्या असतात, डोक्यामागें आधार असतो. प्रतिकृतींत यांपैकीं बहुधा कांहींहि नसतें. फायबरग्लास चेपत नाहीं, तें फुटतें. गाडी इतकी बुटकी असते कीं, शेजारच्या मालमोटारीच्या आरशांत ती दिसतहि नाहीं. खांद्यावरून येणारे पट्टे, ते पोलादी सांगाड्यांत पक्के रोवलेले, आणि आसनांमागें उलटण्यापासून रक्षण करणारी पोलादी कमान, एवढें तरी असावें. तेवढें करूनहि ती आजच्या साध्या गाडीइतकी निर्धोक होत नाहीं, हें घरांतील मंडळींना स्पष्ट सांगणें हें मालकाचें कर्तव्य आहे. स्वतःच्या हौसेसाठीं धोका पत्करणें निराळें, आणि तोच धोका शाळेंत सोडावयाच्या मुलाच्या पदरीं बांधणें निराळें.

कायद्याचीहि दृष्टि देशपरत्वें भिन्न आहे. ब्रिटनमध्यें २००९ पासून घरीं बांधलेल्या अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. अमेरिकेंत २०१५ सालच्या कायद्यानें लहान निर्मात्यांना किमान पंचवीस वर्षांपूर्वींच्या गाडीच्या रूपाच्या प्रतिकृति वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची सवलत दिली. इंजिन मात्र चालू काळाच्या धूरविषयक नियमांत बसलें पाहिजे. या कायद्याचे नियम पुरे व्हावयास २०२२ साल उजाडावें लागलें. भारतांत मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें. निर्मात्याच्या मूळ नोंदीशीं विसंगत असा फेरबदल गाडींत करतां येत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत दिला. म्हणून मुंबईंत वा पुण्यांत जुनी बीटल कापून स्पीडस्टर करण्याचें मनोराज्य रचणारानें करवत हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. विम्याचेंहि तसेंच. हौशी गाड्यांसाठीं असलेले पुष्कळ विमे रोजच्या ये-जा करण्यास लागू नसतात. तें कलम अपघातानंतर वाचण्यापेक्षां आधीं वाचलेलें बरें.

राहतां राहिला प्रामाणिकपणाचा प्रश्न. नक्कल ही स्वतः पाप नव्हे. पितळेची मूर्ति पितळेची म्हणून देव्हाऱ्यांत बसली तर तिच्या पूजेंत उणें येत नाहीं. ती सोन्याची म्हणून विकली तर मात्र तें पाप होतें. प्रतिकृतीवर मूळ कंपनीचें मानचिन्ह लावून विचारणारासमोर मौन धरणारा मनुष्य पहिल्या पायरीवर असतो. नोंदणीच्या कागदांत खोटें साल व खोटें नांव घालणारा शेवटच्या. ‘ही खरी का?’ या प्रश्नाला ‘नाहीं, ही प्रतिकृति आहे’ असें हंसतमुखानें उत्तर देतां येणें, ही या गाडीच्या मालकाची खरी पात्रता होय. तें उत्तर दिल्यावर त्याला कसलीच भीति उरत नाहीं. आणि मूळ गाडीच्या मालकाला न मिळणारें सुख, म्हणजे ओरखड्याची पर्वा न करतां गाडी चालविण्याचें सुख, त्याला मिळतें.

मग ती रोज चालवावी कीं नाहीं? ज्याचा प्रवास थोडका, शहराच्या संथ वाटेनें आहे; जो एकटा किंवा दुकटा आहे; ज्याला आपल्या हातानें पाना धरण्याचा कंटाळा नाहीं; आणि धो धो पावसाच्या दिवशीं दुसरें वाहन ज्याच्या हाताशीं आहे, त्यानें ती अवश्य चालवावी. भरधांव महामार्गावरून मुलाबाळांसह रोज जाणारानें तिच्या वाटेस जाऊं नये. यंत्राच्या दृष्टीनें पाहतां नियमित वापर तिला मानवतोच. उभ्या गाडींतलें पेट्रोल शिळें होतें, ब्रेक धरून बसतात, रबर वाळतें. चालत्या गाडीचा बारीक बिघाड कानाला आधीं कळतो व मोठा होण्यापूर्वीं निस्तरतो. तांब्या रोज घासला जातो म्हणूनच लखलखीत राहतो. पण तो घासणारा हात घरांत असावा लागतो.