तिकीट माफ, पण पायरीचे काय?

सीमेवर जायबंदी झालेला जवान घरी येतो, तेव्हा गाव त्याला हारतुरे घालते. पुढे मात्र त्याचे जग ओसरीपुरते उरते. बागेत फिरणे ही घरच्यांना चैन वाटते. खरे तर त्याच्यासाठी ते औषधच आहे.

मणक्याला इजा झालेला माणूस सतत एका जागी बसून राहिला, तर माकडहाडाजवळ दाबाने जखमा होतात. वजन वाढते, बद्धकोष्ठता जडते, मन खचते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाला पदक मिळणार नाही, पण मोकळी हवा आणि हालचाल प्रत्येकाला हवी.

अमेरिकेत २०२२ पासून माजी सैनिकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन मोफत पास मिळतो. आपल्याकडेही बागेचे तिकीट अशा जवानांना माफ असावे. पण दारातच दोन पायऱ्या असतील, तर ती माफी कोणाच्या कामाची? सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात, असे २०१६ चा कायदाही सांगतो.

कड्यासारख्या गावात शाळेचे मैदान आणि देवळाचे आवार हीच बाग समजावी. तिथे एवढे करता येईल : एक फूट चढासाठी बारा फूट लांबीचा उतार, तीन फूट रुंद फाटक, टणक वाट आणि सावलीत बसायची जागा.

फिरायला नेताना घरच्यांनी ही काळजी घ्यावी :

१. सकाळी किंवा सायंकाळी जावे. मणक्याच्या इजेत घाम येण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे आपल्याकडचा उन्हाळा जास्त बाधतो. पाणी सोबत असावे.

२. खुर्चीत जाड गादी घालावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे.

३. घरी आल्यावर त्वचा तपासावी. लाली उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. कृत्रिम पाय असल्यास तो काढून आतली त्वचाही पाहावी.

वाचकहो, हारतुरे एका दिवसात सुकतात. दारातली पायरी काढून केलेला उतार मात्र त्या जवानाला रोज उपयोगी पडेल, आणि म्हाताऱ्या आजीलाही.