रुसलेल्या आसनाची कळ

जर्मनीतील सिंडेलफिंगेन येथे १९७९ ते १९९१ या काळात बनलेल्या 'डब्ल्यू १२६' वर्गाच्या मर्सिडीज मोटारींत, विजेवर हलणाऱ्या आसनांसाठी दारावर चिमुकल्या आसनाच्याच आकाराची कळ बसविलेली असे. पाठीचा तुकडा रेलवला की पाठ रेलते, बैठकीचा ढकलला की बैठक सरकते. अक्षरओळख नसलेल्या बालकासही ती उमगावी! परंतु इतक्या वर्षांनंतर हीच कळ रुसते, आसन मागे अडकते, आणि बुटक्या चालकाचे पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत. अशी मोटार रस्त्यावर नेणे धोक्याचेच.

अशा वेळी पुष्कळांचा पहिला संशय मोटरवर जातो व खर्च वाढतो. वास्तविक निदान सोपे आहे. आसन पुढे जाते पण मागे येत नसेल, तर मोटर बहुधा निर्दोष समजावी. तीच मोटर उलट प्रवाहाने उलट फिरते. अशा कळांची सामान्य रचना अशी की, विसाव्यात मोटरच्या दोन्ही तारा ऋण बाजूस टेकलेल्या असतात. कळ दाबताच एक तार धन बाजूस जाते आणि दुसरीवाटे प्रवाह परततो. म्हणून दोष दाबलेल्या बाजूसच असेल असे नव्हे. न दाबलेल्या बाजूचा काजळलेला स्पर्शबिंदूही वाट अडवितो. चतुर कारागीरही येथे फसतात.

प्रथम फ्यूज पाहावा. मग मोटरच्या जोडणीस परीक्षा-दिवा लावून सोबत्यास कळ दाबावयास सांगावे. दिवा लागला नाही, तर बॅटरीची ऋण तार सोडवून कळ बाहेर काढावी. ती उघडताना पारदर्शक पिशवीत धरावी, कारण आतील स्प्रिंगा टुणकन उडतात आणि मग गालिच्यावर शोधत बसावे लागते! प्रत्येक तुकड्याची जागा टिपून ठेवावी. घट्ट झालेले जुने ग्रीस व काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. काचकागद मात्र शक्यतो वापरू नये. स्पर्शबिंदूंवरील मुलामा निघून जातो व ते लवकरच पुन्हा काळवंडतात. प्लास्टिकचा सांधाच तुटला असेल, तर दुसरी कळ शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

दाराचे आवरण बसविण्यापूर्वी कळ जोडून प्रत्येक दिशा दोनदा तपासावी.