दागिन्यांतील रत्नांची परीक्षा

दागिन्यांतील रत्नांची परीक्षा : दागिन्यात जडविलेला खडा कोणत्या द्रव्याचा आहे, तो नैसर्गिक आहे की मानवनिर्मित आणि त्याचे रूप सुधारण्यासाठी त्यावर काही प्रक्रिया केलेली आहे काय, हे खड्यास इजा न होऊ देता ठरविण्याची रीत. सुट्या खड्याच्या परीक्षेहून ही परीक्षा अवघड असते. कोंदणामुळे खड्याचा बराच भाग झाकलेला असतो, त्याचे स्वतंत्र वजन करता येत नाही आणि दागिन्याची घडण मोडल्यास त्याचे मोल कमी होते. पिढीजात दागिन्यांच्या बाबतीत वाटणी, तारण, विमा किंवा मोड असे प्रसंग आले म्हणजे हा प्रश्न उपस्थित होतो. अशा वेळी ऐकीव कसोट्या लावल्याने खऱ्या रत्नास ओरखडा वा तडा जाण्याचा आणि परीक्षेवाचून ते काच समजून अल्प किंमतीत विकले जाण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात.

भारतात रत्नपरीक्षेची परंपरा प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या रत्नांची लक्षणे दिलेली आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) हिरा, मोती, माणिक व पाचू यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. या परीक्षा मुख्यतः रंग, तेज, जडपणा व कठिनता यांवर आधारलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्ने प्रयोगशाळेत तयार होऊ लागल्यावर त्या अपुऱ्या पडल्या. कारण मानवनिर्मित माणकाचा रंग, वजन व कठिनता ही नैसर्गिक माणकासारखीच असतात.

‘खरा’ या शब्दाचे अर्थ : खडा खरा की खोटा, या एका प्रश्नात वस्तुतः चार प्रश्न एकत्र आलेले असतात. (१) खडा ज्या नावाने ओळखला जातो त्याच खनिजाचा आहे काय? लाल काच ही माणिक नव्हे. (२) खनिज तेच असल्यास ते भूगर्भात तयार झालेले आहे की संश्लेषित (प्रयोगशाळेत त्याच रासायनिक संघटनाचे बनविलेले)? (३) नैसर्गिक खड्याला उष्णता, तेल, काच, रंग इत्यादींचा संस्कार केलेला आहे काय? (४) खडा एकसंध आहे की दोन वा अधिक तुकडे जोडून केलेला आहे? या प्रत्येक प्रश्नाची कसोटी निराळी आहे. एका कसोटीस खडा उतरला म्हणजे बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मिळाली, असे होत नाही.

नावांमुळेही घोटाळा होतो. खनिजविज्ञानात पुष्कराज हे नाव टोपॅझ या खनिजास लावतात. परंतु सराफी व्यवहारात पुष्कळदा पिवळ्या नीलमासही (कुरुविंदासही) पुष्कराज म्हणतात आणि पिवळे क्वॉर्ट्झही त्याच नावाखाली खपते. स्पिनेल हे लाल खनिज मोगलकाळात ‘लाल’ या नावाने ओळखले जाई व अत्यंत मोलाचे मानले जाई. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ‘तैमूर रुबी’ हे ३५२·५ कॅरटचे रत्न तसेच ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सेस रुबी’ ही दोन्ही स्पिनेलेच आहेत. तेव्हा घरच्या दागिन्यातील लाल खडा माणिक नाही असे ठरल्यावर तो निर्मूल्य आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

दागिन्याच्या काळाचा पुरावा : दागिना केव्हा घडविला हे ठाऊक असल्यास काही शक्यता आधीच वगळता येतात. ऑग्यूस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ज्योतीच्या साहाय्याने माणिक बनविण्याची पद्धती १९०२ मध्ये जाहीर केली. त्यानंतर संश्लेषित माणके स्वस्त व विपुल झाली. हिऱ्यासारखा दिसणारा घनीय झिर्कोनिया १९७६ च्या सुमारास, तर संश्लेषित मॉयसनाइट (सिलिकॉन कार्बाइड) १९९८ च्या सुमारास बाजारात आला. म्हणून १९५० मध्ये घडविलेल्या कुडीत मुळात झिर्कोनिया असणे शक्य नाही. मात्र दागिना जुना म्हणून खडाही जुनाच, असे म्हणता येत नाही. निखळलेल्या खड्याच्या जागी दुरुस्तीच्या वेळी दुसरा बसविलेला असतो. त्यामुळे एका दागिन्यातील प्रत्येक खडा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. याउलट, काच ही प्राचीन काळापासून खड्यांसाठी वापरात असल्याने जुनेपणावरून काचेची शक्यता वगळता येत नाही.

कोंदण व डाक : जुन्या जडावाच्या कामात खडा मागील बाजूने बंद असलेल्या कोंदणात बसवीत आणि त्याखाली डाक (चकचकीत धातूचा पातळ पत्रा) घालीत. डाकेमुळे प्रकाश परावर्तित होऊन फिक्या खड्याला तेज येते. रंगीत डाक घातल्यास रंगहीन क्वॉर्ट्झही माणिक वा पाचू यांसारखे दिसते. उलटपक्षी कोंदणात पाणी शिरून डाक काळवंडल्यास अस्सल हिराही मंद व करडा दिसतो. यास्तव बंद कोंदणातील खड्याच्या तेजावरून किंवा रंगावरून निर्णय करणे धोक्याचे असते. असे दागिने पाण्यात बुडवून परीक्षा करू नये.

घरगुती कसोट्या व त्यांच्या मर्यादा : काचेवर ओरखडा काढण्याची कसोटी सर्वत्र प्रसिद्ध आहे. मोस यांच्या कठिनता श्रेणीत काच सु. ५·५, क्वॉर्ट्झ ७, पाचू ७·५ ते ८, स्पिनेल ८, कुरुविंद ९ व हिरा १० या क्रमांकांवर येतात. म्हणजे काचेवर ओरखडा उमटविणारा खडा हिराच असतो असे नाही. साधे क्वॉर्ट्झही तसा ओरखडा काढते. शिवाय या प्रयत्नात खड्याची कड फुटू शकते. हातोडीचा घाव सोसणारा तो खरा हिरा, हा समजही चुकीचा आहे. कठिनता आणि चिवटपणा हे भिन्न गुणधर्म असून हिरा विशिष्ट पातळ्यांवर घावाने सहज दुभंगतो. खड्यावर श्वास सोडल्यास हिऱ्यावरील बाष्प लवकर विरते, कारण हिरा उष्णतेचा उत्तम संवाहक आहे. परंतु खड्याचा आकार, हवेतील दमटपणा व कोंदणातील धातू यांचा परिणाम होत असल्याने ही केवळ सूचक खूण ठरते. खडा विस्तवावर धरणे अथवा त्यावर अम्ल टाकणे सर्वथा टाळावे. पाचू उष्णतेने तडकतो, तर मोती व पोवळे ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाची असल्याने अम्लात विरघळतात.

भिंगाखालील निरीक्षण : इजा न करणारे व सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे दहा पट मोठे दाखविणारे भिंग. काचेत गोल बुडबुडे व पाकातल्यासारख्या भोवऱ्याच्या रेषा दिसतात आणि वापराने तिच्या पैलूंच्या कडा बोथट झालेल्या असतात. नैसर्गिक माणिक व नीलम यांत रूटाइलाच्या बारीक सुया, अन्य खनिजांचे कण आणि सरळ किंवा षट्कोनी कोनात वळणारे रंगाचे पट्टे आढळतात. व्हेर्नई पद्धतीच्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांप्रमाणे वक्र रेषा व बुडबुडे असतात. कोलंबियातील पाचूंत द्रव, वायुबुडबुडा व मिठाचा सूक्ष्म स्फटिक एकत्र असलेल्या पोकळ्या हे ओळखचिन्ह मानतात. मॉयसनाइटमधून तिरपे पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसे होत नाही. जोडखड्यात बाजूने पाहता सांधा, त्यातील चपटे बुडबुडे किंवा तेजातील फरक ध्यानात येतो. एकोणिसाव्या शतकात रंगीत काचेवर गार्नेटाचा पातळ पापुद्रा वितळवून बसविलेले जोडखडे प्रचारात होते. त्यांचा पृष्ठभाग कठीण असल्याने ते केवळ ओरखड्याच्या कसोटीने ओळखू येत नाहीत.

दोषांवरूनच अस्सलपणा पटतो, ही या निरीक्षणातील लक्षणीय गोष्ट होय. मोठा, गडद व पूर्णपणे निर्मळ असा माणकाचा खडा अल्प किंमतीत घेतलेला असल्यास संशयास जागा असते. तथापि काही संश्लेषित खड्यांत नैसर्गिक खड्यांसारखेच पिसाऱ्याच्या आकाराचे दोष असतात. त्यामुळे भिंगाने अंतिम निर्णय नेहमीच होतो असे नाही.

उपकरणांच्या साहाय्याने परीक्षा : प्रकाश खड्यात शिरताना किती वळतो हे दर्शविणारा प्रणमनांक (वक्रीभवनांक) ही रत्नाची मुख्य ओळख आहे. तो पाचूसाठी सु. १·५८, स्पिनेलासाठी १·७१८ आणि माणिक व नीलम यांसाठी १·७६ ते १·७७ असतो. खड्याचा वरचा सपाट पैलू उघडा असल्यास दागिन्यातील खड्याचाही प्रणमनांक मोजता येतो. हिऱ्याचा प्रणमनांक (२·४२) मात्र नेहमीच्या उपकरणाच्या कक्षेबाहेर आहे. विशिष्ट गुरुत्व (समान आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेतील जडपणा) पाहण्यासाठी खडा कोंदणातून काढावा लागतो. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३·५२, तर झिर्कोनियाचे सु. ५·८ असल्याने समान आकाराचा झिर्कोनिया पुष्कळच जड भरतो.

सराफी पेढीवरील उष्णतासंवाहकता-मापकाने हिरा व झिर्कोनिया यांतील भेद कळतो. परंतु मॉयसनाइटही त्यावर हिऱ्यासारखाच प्रतिसाद देतो. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा तर रासायनिक दृष्ट्या हिराच असतो. तो ओळखण्यासाठी अवरक्त वर्णपटविज्ञान व दीप्तीचे आकृतिबंध यांचा आधार घ्यावा लागतो. जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांत अनेक माणके लाल चमकतात. पण संश्लेषित माणकेही चमकत असल्याने या कसोटीने काच व गार्नेट वेगळी काढता येतात, संश्लेषित माणिक नव्हे.

मोती : नथ, तन्मणी, चिंचपेटी व कुड्या यांमुळे महाराष्ट्रातील घराघरांत मोत्यांचा प्रश्न रत्नांइतकाच महत्त्वाचा ठरतो. इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात येत व ते ‘बसरा मोती’ म्हणून प्रसिद्ध होते. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल संवर्धित मोती मिळविले. पुढे १९२० नंतरच्या काळात गोल संवर्धित मोती जागतिक बाजारात पसरले. मोती दातावर हलकेच घासल्यास किंचित खरखरीत लागतो व लेप दिलेला काचमणी गुळगुळीत लागतो. परंतु या कसोटीने नैसर्गिक व संवर्धित मोती यांत भेद करता येत नाही. छिद्राच्या तोंडाशी भिंगाने पाहिल्यास काचमण्याचा लेप सुटलेला, तर संवर्धित मोत्यात शिंपल्याच्या गाभ्याभोवतीची गडद रेषा दिसण्याचा संभव असतो. गोड्या पाण्यातील संवर्धित मोत्यांत असा गाभा बहुधा नसतो. निश्चित निर्णय क्ष-किरण चित्रणाने होतो.

संस्कारित रत्ने व त्यांची निगा : माणिक व नीलम तापवून त्यांचा रंग सुधारणे ही रूढ प्रथा आहे. पाचूच्या भेगांत तेल मुरवितात; प्रणमनांक जवळपास सारखा असल्याने भेगा दिसेनाशा होतात. गरम साबणपाणी किंवा कंपनांनी स्वच्छ करणारे यंत्र वापरल्यास हे तेल निघून जाते आणि खडा एकाएकी ‘खोटा निघाला’ असे वाटते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून भेगाळलेल्या माणकांत शिसेयुक्त काच भरून ती मोठ्या प्रमाणावर विकली गेली. या काचेस अम्लाने तसेच डाग देण्याच्या ज्योतीने इजा होते. म्हणून दागिना उजळण्यास अगर दुरुस्तीस देण्यापूर्वीच खड्याची परीक्षा करून घेणे हिताचे असते.

प्रमाणपत्र : सोन्यावरील हॉलमार्क हे केवळ धातूच्या शुद्धतेचे चिन्ह असून त्यावरून खड्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. भारतात २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. मात्र कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने या सक्तीतून वगळण्यात आले. रत्नपरीक्षेसाठी मुंबईत १९७१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था आणि जयपूर येथे १९७२ मध्ये रत्नचाचणी प्रयोगशाळा स्थापन झाली. प्रयोगशाळेच्या अहवालात खड्याचे खनिज, नैसर्गिक वा संश्लेषित उत्पत्ती व केलेले संस्कार यांचा स्वतंत्र उल्लेख आहे किंवा नाही, हे पाहावे. खडा कोंदणात असताना परीक्षा झाली असल्यास अहवालात तशी मर्यादा नमूद केलेली असते. अहवाल आणि किंमतीचा अंदाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदी करू इच्छिणाऱ्यानेच परीक्षा केली असल्यास ती निःपक्षपाती मानता येत नाही. वाटणीपूर्वी दागिन्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन, खडे मोजून व संबंधितांसमक्ष त्यांची नोंद करून मग तो परीक्षेस दिल्यास खडा बदलल्याच्या संशयास व पुढील कलहास वाव राहत नाही.